पडद्यावरचे वॅट आणि कॉइलवरचे वॅट : व्हेप मॉडचं खरं आउटपुट कसं मोजायचं

मॉडच्या, म्हणजे ई-सिगारेटच्या बॅटरी आणि चिप असलेल्या भागाच्या, पडद्यावर ८० वॅट दिसतात, ती तुमची मागणी असते. लिक्विड तापवणाऱ्या कॉइलपर्यंत त्यातलं किती पोहोचलं, हे पुष्कळशा स्वस्त मॉडना स्वतःलाही ठाऊक नसतं. आतली चिप कॉइलचा रेझिस्टन्स मोजते, त्यावरून किती व्होल्ट द्यायचे ते काढते आणि तेवढे दिले असं धरून चालते. सेल थकलेला असेल, ५१० चा जोड (कॉइलचा भाग मॉडवर फिरवून बसवायची आट्याची जागा) मळलेला असेल, किंवा चिपचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने सरासरी आणि आरएमएस (वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ) यांत घोळ घातला असेल, तर ८० चे ६० होतात, नाहीतर २० चे २८.

दुरुस्ती करणाऱ्यांना हे कळायला हवंच, पण सर्वांत जास्त गरज आहे ती धुराची, म्हणजे एरोसोलची, रासायनिक तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळांतल्या विद्यार्थ्यांना. तिथल्या झुरके ओढणाऱ्या यंत्राचा पफ, म्हणजे एक झुरका, प्रमाणित असतो : ५५ मिलिलिटर, ३ सेकंद, दर ३० सेकंदांनी एक. वॅट मात्र पडद्यावरून उतरवून घेतले जातात. फॉर्माल्डिहाइडसारखे पदार्थ किती तयार होतात हे कॉइलच्या तापमानावर ठरतं आणि तापमान खऱ्या वॅटवर. तो आकडाच चुकीचा असेल तर पुढची सगळी मेहनत पाण्यात.

आधी कायद्याचं

भारतात सप्टेंबर २०१९ च्या वटहुकमाने आणि पाठोपाठ आलेल्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, साठवण आणि जाहिरात या सगळ्यांवर बंदी आहे. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही; साठवणुकीला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तेव्हा हा लेख ब्रिटन-युरोपसारख्या, ही उपकरणं कायद्याने विकली जातात अशा ठिकाणी राहणाऱ्यांसाठी आहे. सुट्टीला घरी येताना मॉड बॅगेत टाकून आणू नका. उलट दिशेने मात्र सामान नेता येईल : डमी लोडसाठी, म्हणजे मोजताना कॉइलच्या जागी जोडायला, लागणारे अॅल्युमिनियम कवचाचे रेझिस्टर पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला शोधा.

काय काय लागेल

- १ ओहम, ५० वॅट किंवा १०० वॅटचे अॅल्युमिनियम कवचाचे चार रेझिस्टर
- ते बसवायला हीट सिंक आणि थर्मल पेस्ट
- ४ चौरस मिलिमीटरची लवचीक तांब्याची तार, अर्धा मीटर पुरे
- जुना ड्रिपर, म्हणजे आरडीए : मॉडवर बसणारा, कॉइल खांबांत आवळायचा भाग. त्याचा फक्त पाया आणि खांब हवेत, टोपी नको
- ट्रू आरएमएस मल्टिमीटर
- दोन चॅनेलचा ऑसिलोस्कोप. २० मेगाहर्ट्झचा साधा चालतो, पण मेमरी मोठी हवी
- ५० अँपिअर, ७५ मिलिव्होल्टचा शंट, म्हणजे करंट मोजायचा अगदी कमी ओहमचा रेझिस्टर
- करंट लिमिट असलेला बेंच पॉवर सप्लाय, निदान १ अँपिअर देणारा
- आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कानातल्या कापसाच्या काड्या
- संरक्षक चष्मा, आणि सेल ठेवायला प्लॅस्टिकची डबी

स्कोप नसेल तर चालेल का? निम्म्या उपकरणांवर चालेल. पण तुमचं उपकरण त्या निम्म्यांत आहे की नाही हे कळायलाच स्कोप लागतो. एक दिवसासाठी का होईना, कुणाचा तरी मागून आणा.

१. डमी लोड बांधा

खऱ्या कॉइलवर मोजायला सुरुवात करू नका. कापूस जळतो, रेझिस्टन्स तापमानाबरोबर सरकतो, आणि आकडा हलला तर मॉड हललं की कॉइल, हे समजत नाही. पॅरलेलमध्ये जोडलेले १ ओहमचे दोन रेझिस्टर ०.५ ओहम देतात, चार जोडले तर ०.२५. दोन्ही किमती कामाच्या आहेत. ०.५ ओहमवर ५० वॅट म्हणजे ५ व्होल्ट आणि १० अँपिअर, ०.२५ वर १०० वॅट म्हणजे तेच ५ व्होल्ट, पण २० अँपिअर.

रेझिस्टरवर लिहिलेले ५० वॅट हीट सिंकवर घट्ट बसवल्यावरचे असतात. मोकळ्या हवेत तो त्याहून बराच कमी झेपवतो. १०० वॅटचा ५ सेकंदांचा पफ म्हणजे ५०० जूल. कवचाला हात लावलात तर कोमट लागेल, पण आतली तार बरीच जास्त तापलेली असते. म्हणून दोन पफांमध्ये ३० सेकंद थांबा.

तारा आखूड ठेवा. ४ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत मीटरमागे साधारण साडेचार मिलिओहम असतात, म्हणजे जाऊन-येऊन २० सेंटिमीटर तारेत एक मिलिओहमही नाही. तेच बाजारातल्या पातळ क्रोकोडाइल क्लिपच्या वायरने केलंत तर लोडपेक्षा वायरच जास्त तापेल.

२. लोडचा खरा रेझिस्टन्स काढा

इथे बहुतेक नवखे घसरतात. मल्टिमीटर ओहमवर लावून ०.२५ ओहम मोजता येत नाही. मीटरच्या दोन प्रोबांचाच रेझिस्टन्स ०.१ ते ०.३ ओहम असतो. प्रोब एकमेकांना टेकवून तो आकडा वजा केला तरी टोकं जरा जास्त दाबली की उत्तर बदलतं.

चार तारांनी मोजा. बेंच सप्लायची करंट लिमिट १ अँपिअरवर ठेवा, तो करंट लोडमधून जाऊ द्या आणि दुसऱ्या दोन बारीक तारांनी लोडच्या पायांवरचे मिलिव्होल्ट वाचा. १ अँपिअरला २५३ मिलिव्होल्ट आले तर लोड ०.२५३ ओहम. सप्लायच्या पडद्यावरचा अँपिअरचा आकडा प्रमाण मानू नका. सीरिजमध्ये मीटर टाकून करंट तपासा. मीटर एकच असेल तर आधी करंट मोजा, सप्लायला हात न लावता मीटर काढून मंडल जोडा, मग व्होल्टेज.

बारीक तारा कुठे जोडता याला फार महत्त्व आहे. त्या ड्रिपरच्या खांबांवर असतील तर तुम्ही जाड तारा धरून मोजताय, रेझिस्टरच्या पायांवर असतील तर तारा सोडून. दोन्ही चालेल, पण पुढे व्होल्टेजही त्याच दोन बिंदूंवर घ्यायचं. आम्ही खांब निवडतो, कारण खरी कॉइल तिथेच बसते.

३. मॉडला जोडा

ड्रिपरच्या खांबांत जाड तारा स्क्रूने आवळा आणि त्याच स्क्रूखाली बारीक मोजणीच्या तारा धरा. पाया मॉडवर फिरवून बसवा. ५१० चा मधला पिन प्लस, बाहेरचा आटा मायनस.

बसवण्याआधी मॉडचा ५१० भिंगातून बघा. वाळलेल्या लिक्विडचा तपकिरी, चिकट थर पिनच्या कडेला गोल जमलेला असतो आणि स्प्रिंगचा पिन त्यातच अडकून अर्धा खाली बसलेला असतो. अल्कोहोलमध्ये बुडवलेली कापसाची काडी फिरवा, काडी पांढरी निघेपर्यंत. हा नुसता स्वच्छतेचा सोस नाही : १० मिलिओहमचा खराब जोड २० अँपिअरला ०.२ व्होल्ट खातो, म्हणजे ४ वॅट आटा तापवण्यात जातात. मायनसची बाजू तपासायची सोपी युक्ती अशी : फायर करताना एक प्रोब मॉडच्या ५१० कॉलरवर आणि दुसरा ड्रिपरच्या मायनस खांबावर धरा. २० अँपिअरला १०० मिलिव्होल्ट दिसले तर तो जोड ५ मिलिओहमचा आहे आणि २ वॅट तिथेच गेले.

आता मॉडच्या मेन्यूत तीन गोष्टी करा. टेम्परेचर कंट्रोल बंद. प्री-हीट किंवा 'हार्ड', 'बूस्ट' नावाचा जो काही पर्याय असेल तो बंद, नाहीतर पहिला अर्धा-एक सेकंद जास्त वॅट जातील आणि सरासरी बिघडेल. आणि मॉडने 'नवी कॉइल आहे का' विचारलं तर हो म्हणा. मॉड दाखवतं तो रेझिस्टन्स लिहून ठेवा. तुम्ही ०.२५३ मोजलेत आणि ते ०.२८ दाखवत असेल, तर पुढची गडबड कुठून येणार हे तुम्हाला आत्ताच कळलं : ते ०.२८ साठीचे व्होल्ट देईल आणि प्रत्यक्षात दहा टक्के जास्त वॅट पडतील.

एक कडक नियम : मोजताना मॉड चार्जिंगला लावायचं नाही. स्कोपच्या प्रोबची ग्राउंड क्लिप मेन्सच्या अर्थिंगला जोडलेली असते. यूएसबीने मॉड कॉम्प्युटरला जोडलं तर त्याचं मायनसही बहुधा अर्थिंगवर जातं. त्यात अनेक छोट्या उपकरणांत मॉसफेटचा (इलेक्ट्रॉनिक) स्विच मायनसच्या बाजूला असतो, म्हणजे कॉइलचं मायनस आणि बॅटरीचं मायनस हे दोन वेगळे बिंदू असतात. ग्राउंड क्लिपने ते दोन्ही जोडले गेले तर बटण न दाबताच कॉइल पेटते.

४. आउटपुटचा आकार पाहा

आकडा नंतर, आधी चित्र. चॅनेल एक खांबांवर, प्रोब ×१० वर, कपलिंग डीसी, २ व्होल्ट प्रति भाग, १ मिलिसेकंद प्रति भाग, ट्रिगर १ व्होल्टच्या चढत्या कडेवर, सिंगल शॉट. फायर दाबा.

दोनपैकी एक दिसेल. वर थोडी लव असलेली सरळ रेघ दिसली तर आत बक किंवा बूस्ट कन्व्हर्टर, म्हणजे व्होल्टेज कमी किंवा जास्त करून सलग देणारं मंडल, आहे. तुमचं काम सोपं झालं, साधा डीसी मल्टिमीटरही बरोबर सांगेल. चौकोनी दात दिसले तर पीडब्ल्यूएम आहे : चिप बॅटरीचं पूर्ण व्होल्टेज चालू-बंद, चालू-बंद करतेय.

पीडब्ल्यूएममध्ये काय होतं ते आकड्यांनी पाहू. लोडखाली सेल ४.० व्होल्ट देतोय, लोड ०.४ ओहम. सतत चालू ठेवलं तर ४० वॅट. निम्मा वेळ चालू ठेवलं तर २० वॅट, यात वाद नाही. पण डीसीवर लावलेला मीटर सरासरी दाखवतो, २.० व्होल्ट, त्याचा वर्ग भागिले ०.४ म्हणजे १० वॅट. मीटर खोटं बोलत नाही, आपण चुकीचा प्रश्न विचारतोय. तापण्यासाठी वर्गाची सरासरी लागते : आरएमएस २.८३ व्होल्ट, आणि त्यातून बरोबर २० वॅट येतात.

हीच चूक मॉड बनवणाऱ्याने केली तर उलटं होतं. २० वॅटला २.८३ व्होल्ट हवेत म्हणून चिप सरासरी २.८३ ठेवते, त्यासाठी सुमारे ७१ टक्के वेळ चालू, आणि कॉइलवर २८ वॅट. सुरुवातीच्या पिढीतल्या काही उपकरणांत 'आरएमएस' आणि 'मीन' असे दोन पर्याय मेन्यूतच असत आणि घेणाऱ्याने आपापलं ठरवायचं. आजही स्वस्त मालात हा घोळ सापडतो, फक्त पर्याय दिसत नाही.

आता ट्रू आरएमएस मीटरचा सापळा. एसीवर लावलेला बहुतेक ट्रू आरएमएस मीटर डीसीचा भाग गाळून टाकतो. वरच्या उदाहरणात तो पुन्हा २.० व्होल्टच दाखवेल. मीटरवर 'एसी+डीसी' असं बटण असेल तर ते वापरा. नसेल तर एकदा डीसी, एकदा एसी मोजा, दोन्हींचे वर्ग मिळवा आणि वर्गमूळ काढा : ४ अधिक ४, वर्गमूळ २.८३. मीटरची ऑटोरेंज बंद करा. रेंज शोधण्यात त्याचे दोन सेकंद जातात, तोवर पफ संपत आलेला असतो. आणि पीडब्ल्यूएमची फ्रीक्वेन्सी मीटरच्या एसी बँडविड्थच्या बाहेर असेल तर हा सगळा खटाटोप व्यर्थ, तेव्हा स्कोपच.

५. मोजा

स्कोपवर आरएमएस मोजमाप लावा, पण नाव नीट वाचा. 'एसी आरएमएस' नको, 'सायकल आरएमएस' फक्त एका चक्राचं. पूर्ण पडद्याचं, डीसी धरून, ते हवं. गणिताचं चॅनेल असेल तर चॅनेल एक गुणिले चॅनेल एक, त्याची सरासरी, भागिले लोडचे ओहम. हे वॅट.

संपूर्ण पफ एका पडद्यावर घ्यायला ५०० मिलिसेकंद प्रति भाग ठेवा. इथे मेमरी आडवी येते. १० लाख बिंदूंची मेमरी असेल तर ५ सेकंदांत दर सेकंदाला दोन लाख नमुने मिळतात, उत्तम. १० हजार बिंदूंचीच असेल तर सेकंदाला फक्त दोन हजार, आणि काही किलोहर्ट्झच्या पीडब्ल्यूएमचं चित्र धडधडीत चुकीचं येतं. अशा वेळी पूर्ण पफाचा हट्ट सोडा; अर्ध्या, दुसऱ्या आणि चौथ्या सेकंदाला २० मिलिसेकंदांची खिडकी घ्या.

करंट स्वतंत्र मोजून पडताळा. शंट मायनसच्या तारेत, मॉड आणि लोड यांच्या मध्ये बसवा. स्कोपच्या दोन्ही चॅनेलचं ग्राउंड आतून एकच असतं, म्हणून दोन्ही क्लिपा शंट आणि लोड जिथे जुळतात त्या एकाच बिंदूवर लावा. चॅनेल एक लोडच्या प्लस टोकावर; चॅनेल दोन शंटच्या मॉडकडच्या टोकावर, ×१ वर आणि उलटा करून. हा शंट २० अँपिअरला ३० मिलिव्होल्ट देतो. शंट जोडला की व्होल्टेज थेट लोडवर घेताय, तेव्हा रेझिस्टन्सही त्याच दोन टोकांमधला धरा. व्होल्टेज भागिले ओहम आणि शंटचा करंट यांत दोन-तीन टक्क्यांपेक्षा जास्त फरक आला तर थांबा आणि स्क्रू आवळा. दहापैकी नऊ वेळा तिथेच चूक असते. क्लॅम्प मीटर वापरणार असाल तर डीसी मोजणारा, हॉल सेन्सरचा हवा, आणि दर वेळी झीरो करून.

मोजणी कुठे-कुठे घ्यायची? कमाल वॅटच्या २५, ५०, ७५ आणि १०० टक्क्यांवर. आणि हे सगळं सेल ४.२ व्होल्टला भरलेला, ३.७ ला आणि ३.४ ला असताना. शेवटची ओळ कोणी घेत नाही, आणि खरी पोलखोल तिथेच होते. एका १८६५० सेलच्या 'ऐंशी वॅट' मॉडचा हिशेब करा : कन्व्हर्टरची कार्यक्षमता ९० टक्के धरली तर सेलकडून ८९ वॅट हवेत, लोडखाली सेल ३.४ व्होल्टवर आला असेल तर २६ अँपिअर. सॅमसंगचा २५आर सतत २० अँपिअरसाठी आहे, ३०क्यू १५ साठी. मोलिसेलचा पी२६ए ३५ अँपिअर देऊ शकतो, पण तो सेल सगळ्यांकडे नसतो. चांगलं मॉड अशा वेळी 'वीक बॅटरी' दाखवतं. वाईट मॉड पडद्यावर ८० ठेवून गुपचूप ६० देतं.

सेलवर ५००० किंवा ९९०० एमएएच लिहिलं असेल तर तो मोजणीतच घेऊ नका. १८६५० मध्ये साडेतीन-चार हजारांच्या आसपास मर्यादा येते. कव्हर फाटलेला सेल वापरायचा नाही, सुटा सेल खिशात टाकायचा नाही.

व्होल्टेजची एक टक्का चूक वॅटमध्ये दोन टक्के होते, कारण वर्ग आहे. रेझिस्टन्सची एक टक्का मिळवली तर एकूण दोन-सव्वादोन टक्के अनिश्चितता धरा. मॉड पाच टक्क्यांच्या आत असेल तर ते चांगलं मॉड आहे, पुढे कीस काढू नका.

६. मग खऱ्या कॉइलवर

डमी लोडवर बरोबर आलेलं मॉड खऱ्या कॉइलवर चुकू शकतं. कांथलची (लोखंड-क्रोमियमच्या मिश्रधातूची) तार तापली तरी रेझिस्टन्स जवळपास तोच राहतो, पण ३१६एल स्टेनलेस स्टील २०० अंशांनी तापलं की त्याचा रेझिस्टन्स सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, आणि निकेलचा तर दुपटीच्याही पुढे जातो. चिप पफ चालू असताना रेझिस्टन्स पुन्हापुन्हा वाचत असेल तर ती व्होल्टेज वाढवून वॅट राखते. गार कॉइलचा आकडा धरून बसली असेल तर स्टीलवर ५० चे ४२ होतात.

म्हणून इथे वर्ग भागिले ओहमचं सूत्र बंद. व्होल्टेज आणि करंट एकाच वेळी घ्या, बिंदूबिंदूला गुणाकार करा आणि मग सरासरी. टँक भरलेला, कापूस पूर्ण भिजलेला आणि हवा यंत्राने ओढलेली हवी. कोरडी कॉइल फायर केली तर मोजणी एका वेगळ्याच वस्तूची होते. पंख्याखाली किंवा खिडकीशी बसून करा.

७. पॉड आणि बटण नसलेली उपकरणं

यांच्यावर वॅट लिहिलेलेच नसतात. साधारण १.२ ओहमची कॉइल आणि ३.४ व्होल्ट, म्हणजे साडेनऊ-दहा वॅट, असा मामला असतो. पॉडच्या सोनेरी पिनांवर कॅप्टॉन (उष्णतारोधक) टेपने चिकटवलेल्या तांब्याच्या फॉइलच्या दोन बारीक पट्ट्या सरकवा आणि त्यांवर प्रोब लावा. फॉइल जाड झाली तर पॉड वर उचलला जातो आणि 'कॉइल नाही' म्हणून दिवा लुकलुकतो. फायर करायला हवा ओढावी लागते. मोठी इंजेक्शनची सिरिंज आणि सिलिकॉनची नळी पुरते. बहुतेक उपकरणं आठ-दहा सेकंदांनी आपोआप बंद होतात, तेवढ्यात काम उरका.

वापरून फेकायच्या उपकरणांचं कवच फोडून मोजू नका. आतला लिथियम सेल कवचाला चिकटवलेला असतो आणि स्क्रूड्रायव्हर बहुधा त्याच्याच अंगात घुसतो. मोजून झालेली आणि बिघडलेली उपकरणं कचऱ्याच्या डब्यात नाही, बॅटरी गोळा करणाऱ्या केंद्रावर द्यायची.

वहीत काय लिहायचं

मॉडचं नाव आणि फर्मवेअर आवृत्ती, सेलचं मॉडेल, फायरआधीचं सेलचं व्होल्टेज, मॉडने दाखवलेले ओहम आणि तुम्ही मोजलेले ओहम, लावलेले वॅट, आरएमएस व्होल्ट, अँपिअर, निघालेले वॅट, पफच्या कितव्या सेकंदाला, आणि मोजणीचे बिंदू कुठे होते. शेवटचा रकाना गाळलात तर सहा महिन्यांनी त्या आकड्यात ५१० चा जोड धरला होता की नव्हता, हे कुणालाच सांगता येणार नाही.